पाण्याची वाट आणि तिचे कारागीर

इतिहास म्हटला की आम्हां बीडकरांच्या डोळ्यांपुढे प्रथम खजाना विहीर उभी राहते. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत, सलाबतखानाने ती बांधविली. तिचे पाणी जमिनीखालच्या कालव्याने केवळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत नेलेले आहे; तेथे मोट नाही की पंप नाही. पाण्याला वाट करून देणे ही या अवर्षणी मुलखाची जुनी विद्या. आज तिच्याच एका धाकट्या शाखेविषयी, मोटारीचे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याविषयी आणि त्याची वाट हाताने घडविणाऱ्या कारागिरांविषयी, आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत.

इंजिनात इंधन जळते, पण त्याच्या उष्णतेचा थोडाच हिस्सा चाकांच्या कामी येतो. उरलेली काही धुराबरोबर जाते, काही लोखंडात मुरते. ही मुरलेली उष्णता काढून नेली नाही तर दट्ट्या सिलिंडरात अडकून बसतो. कार्ल बेन्झच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई. ते वाटेत पुनःपुन्हा भरावे लागे. पुढे विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या मर्सिडीझ गाडीसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. नळ्यांतून वारा जाई, त्यांच्या भोवती पाणी खेळे. थोड्या पाण्यात काम भागू लागले.

१९०८ साली निघालेल्या फोर्डच्या टी गाडीत तर लवकरच पाण्याचा पंपही उरला नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, निवलेले खाली उतरे. खजाना विहिरीत जे काम उतार करतो, ते येथे उष्णता करी. मात्र पाण्याची पातळी वरच्या नळीखाली गेली की हा प्रवाह तुटे. घाटात इंजिनावर ताण अधिक, वेग कमी आणि म्हणून वाराही कमी. मांजरसुंब्याच्या घाटाच्या या मुलखात चालकाजवळ पाण्याचा डबा असणे ही हौस नव्हती, गरज होती. बीड शहराला रेल्वे मिळावयाला २०२५ साल उजाडले. तोवर माणसे आणि माल यांचा सारा भार सडकेवरच होता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली आणि देशात कोळशाच्या वायूवर मोटारी धावू लागल्या. भट्टीतून निघालेला वायू तप्त आणि विरळ असे. तसाच इंजिनात घेतला तर जोर मिळत नसे, म्हणून तो नळ्यांच्या जाळीतून फिरवून निववावा लागे. पुढे पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन बसविण्याची रीत पडली. नव्या इंजिनाच्या नळ्यांची तोंडे जुन्या रेडिएटरशी जुळत नसत. मग टाकी कापून तोंड हलवावे, नळ्यांची एखादी ओळ वाढवावी, पंख्याभोवती पत्र्याचे कडे बसवावे, अशी कामे येत.

ही कामे ज्यांना साधत त्यांच्या हातात तांबट आणि कल्हईवाले यांचीच विद्या होती. पितळ घासून स्वच्छ करावयाचे, नवसागर लावावयाचा, कथील-शिशाने सांधा झाळावयाचा. शेवटी तोंडे बंद करून आत हवा भरावयाची आणि सारे हौदात बुडवावयाचे. बुडबुडा दिसला तेथे पुन्हा झाळ. हे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळू लागते. पाणी शंभराच्या आसपास उकळते. आत पाणी आहे तोवर सांधा सुरक्षित, पाणी संपले की सांध्याला धोका. गाडीचा जीव पाण्यात आहे, हे कारागिराला पुस्तकावाचून ठाऊक असे.

शेतकऱ्यालाही ते ठाऊक होते. विहिरीवरच्या पुष्कळ इंजिनांना थंड करणारे पाणी त्यांनीच उपसलेल्या धारेतून मिळे. विहिरीने तळ गाठला की पिकाबरोबर इंजिनही संकटात येई. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या विहिरी आटल्या, त्या वेळी या गोष्टीचा अर्थ निराळा सांगावा लागला नसेल.

आता अॅल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर आले आहेत. ते हलके आणि स्वस्त आहेत, यात वाद नाही. पण जुन्या रीतीने ते झाळता येत नाहीत; बिघडले की बदलावयाचे. ज्यांच्या हाताला पितळेचा सांधा कळतो अशी माणसे त्यामुळे उत्तरोत्तर कमी होणार.

सलाबतखानाचे नाव विहिरीमुळे राहिले. घाटातली गाडी चालू ठेवणाऱ्याचे नाव कोठेही कोरलेले नाही. म्हणून श्रोत्यांना आमची एकच विनंती आहे. आपापल्या गावातल्या अशा एखाद्या वृद्ध कारागिराकडे तासभर बसावे, त्याने काय केले आणि कसे केले ते विचारावे, आणि ऐकलेले लिहून ठेवावे. जिल्ह्याच्या इतिहासातले हे पान अजून लिहिता येण्याजोगे आहे.