निन्टेंडोचे कुलूप आणि त्रयस्थांचे खेळ

नाटकगृह बांधणारा एक आणि नाटक बसविणारा दुसरा, ही व्यवस्था आपणां नागपूरकरांना नवी नाही. नाटकगृह कितीही देखणे असो, बाहेरच्या मंडळींनी तेथे प्रयोग लावले नाहीत तर त्यात वटवाघळेच राहावयाची. व्हिडिओ गेमच्या यंत्राचे, म्हणजे कन्सोलचे, असेच आहे. यंत्र एका कंपनीचे, आणि त्यावरचे पुष्कळसे खेळ त्रयस्थ प्रकाशकांचे.

प्रारंभी हा त्रयस्थ अस्तित्वातच नव्हता. अटारी कंपनीचे यंत्र १९७७ साली अमेरिकेत निघाले, तेव्हा त्यावरचे खेळही तीच करी, आणि खेळ रचणाऱ्याचे नाव वेष्टनावर नसे. नाव नाही आणि नफ्यात वाटा नाही, या रागाने चार प्रोग्रॅमर बाहेर पडले व १९७९ साली ॲक्टिव्हिजन उभी राहिली. अटारीने दावा लावला. १९८२ मध्ये तडजोड होऊन रॉयल्टीच्या बदल्यात वाट मोकळी झाली. पण ती इतकी मोकळी झाली की, दुकाने निकस खेळांनी भरून गेली. १९८३ साली अमेरिकेतील तो बाजार कोसळला, त्याचे हे एक मोठे कारण होय.

जपानच्या निन्टेंडोने यातून धडा घेतला. तिचे फॅमिकॉम यंत्र जपानात १९८३ मध्ये आले. पुढच्याच वर्षी हडसन व नामको या बाहेरच्या कंपन्यांचे खेळ त्यावर निघाले. मात्र १९८५ साली अमेरिकेत जाताना तिने यंत्रात एक कुलूपच बसविले. कॅसेटमध्ये जोडीची चिप नसेल तर खेळ सुरूच होत नसे. चिप निन्टेंडोकडे, म्हणून कॅसेटही तिच्याच हातून करून घ्यावयाची. वर्षाला पाचच खेळ, आणि तो खेळ दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर न्यावयाचा नाही! कोनामीने यावर दुसऱ्याच नावाची पाटी लावली. ‘अल्ट्रा’ नावाने आणखी खेळ काढले. व्यापारी कुठलाही असो, ही युक्ती त्याला सुचतेच.

जपानी फॅमिकॉमला मात्र हे कुलूप नव्हते. म्हणूनच त्याच्या नकला सहज झाल्या, आणि १९९० नंतरच्या दशकात त्या स्वस्त नकला आपल्याकडेही आल्या. ज्यांच्या घरी त्या होत्या, त्यांना शेकडो खेळांची बढाई मारणारी ती कॅसेट आठवेल. तिच्यातले कोनामीचे ‘कॉन्ट्रा’ मुलांनी तासन्‌तास खेळले; कोनामीला त्यातून छदामही मिळाला नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, अस्सल यंत्र मध्यम घराच्या आवाक्यातच नव्हते. पण जिथे रचणाऱ्याला मोल मिळत नाही, तिथे नवा रचणारा उभा राहावा कसा? आपल्याकडे हा धंदा उशिरा रुजला, त्याचे एक मूळ मला येथे दिसते.

पुढे सोनीने १९९४ साली प्लेस्टेशनमध्ये स्वस्त सीडी आणली. महाग कॅसेटला कंटाळलेले प्रकाशक तिकडे वळले. ‘फायनल फँटसी’ची सातवी आवृत्ती १९९७ मध्ये निन्टेंडोला सोडून गेली. गर्विष्ठ मालकाला मग नव्या लहान कंपन्यांसाठीही दार उघडावे लागले.

त्या दारातून पुण्याची एक मंडळी आत गेली. नॉडिंग हेड्स गेम्सने एका मुलीची पौराणिक साहसकथा रचली. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, पण काम थांबले नाही. सुपर डॉट कॉम या परक्या प्रकाशकाने हात दिला आणि ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर प्रथम आला. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरात पोहोचला. निन्टेंडो तेव्हा भारतात अधिकृत विक्रीच करीत नव्हती. पुण्यात घडलेला खेळ पहिल्या दिवशी खेळावयाचा, तर पुणेकराला यंत्र परदेशातून आलेलेच शोधावे लागे.