सुवर्णाचे स्थैर्य आणि नाण्याचा कस

सुवर्णाचे मूल्य चिरंतन आहे, हे विधान आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत इतक्या सहजतेने येते की त्यात दोन वेगळी विधाने एकत्र आली आहेत हे ध्यानात राहत नाही. धातू टिकतो हे एक. त्या धातूच्या नाण्याचे मोल टिकते हे दुसरे. पहिले रसायनशास्त्राचे सत्य आहे. सोन्यावर हवेचा व पाण्याचा परिणाम होत नाही, कोणतेही साधे आम्ल एकट्याने त्यास विरघळवू शकत नाही. त्यासाठी नत्राम्ल व लवणाम्ल यांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज, लागते. दुसरे विधान मात्र इतिहासाच्या कक्षेत येते आणि पुराव्याखेरीज ते स्वीकारता येत नाही.

अडचणीचे मूळ धातूच्या स्वभावातच आहे. सोन्यात केवळ रुपे मिसळले तर ते फिकट होते, केवळ तांबे मिसळले तर त्यावर लाली चढते. परंतु दोन्ही योग्य प्रमाणात मिसळली तर पिवळेपणा बऱ्याच अंशी कायम राहतो. हिणकस सोने डोळ्यांस फसवू शकते. म्हणून सुवर्णाच्या मूल्याचा इतिहास हा बव्हंशी परीक्षेचा इतिहास होय.

या परीक्षेचे सर्वांत तपशीलवार प्राचीन वर्णन कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, अक्षशालेच्या प्रकरणात येते. सोळा माषांच्या सुवर्णात काकणी-काकणीने तांबे वाढवीत चार माषांपर्यंत जाऊन तेथे सोळा वर्णक सिद्ध केलेले आहेत. परीक्षणीय सोन्याचा कसोटीवरील कस या ठरलेल्या कसांशी ताडून पाहावयाचा. कसोटीचा दगड कलिंगातील अथवा तापीच्या पात्रातील, मुगाच्या रंगाचा असल्यास उत्तम, असे तेथे सांगितले आहे. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे येते. सर्व कसोट्या निःपक्षपाती नसतात, याची ग्रंथकारास पुरती जाणीव आहे. हत्तीच्या कातडीसारख्या वर्णाचा, किंचित हिरवट दगड सोन्याचा रंग खुलवितो, म्हणून तो विकणाऱ्याच्या हिताचा. कठीण, खरखरीत व विषम वर्णाचा दगड रंग दडवितो, म्हणून तो विकत घेणाऱ्याच्या हिताचा. जो जसा आहे तसा रंग दाखवितो तोच उभयतांस हितकर. कसावर नखाआडून गेरूची पूड टाकण्याची लबाडीही त्याने नोंदविली आहे. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष व्यवहार असला पाहिजे. केवळ शास्त्रचर्चेतून असे तपशील येत नाहीत.

गुप्तकालीन नाण्यांचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखा आहे. १९४६ साली भरतपूर संस्थानात बयाना येथे सापडलेल्या निधीतील १८२१ सुवर्णनाणी अभ्यासास उपलब्ध झाली आणि डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी त्यांची सूची १९५४ मध्ये सिद्ध केली. त्यांत द्वितीय चंद्रगुप्ताची ९८३ व प्रथम कुमारगुप्ताची ६२८ नाणी आहेत. स्कंदगुप्ताचे मात्र एकच. सुमारे पंधरा शतके भूमीत राहूनही ही नाणी ओळखू येतात आणि वाचता येतात, हे धातूचे स्थैर्य. परंतु निधी जेथे संपतो, जवळपास तेथूनच नाण्यांच्या स्थैर्याला तडा जाऊ लागतो. आरंभीच्या गुप्त नाण्यांचे वजन कुषाण परंपरेस धरून सुमारे १२१ ग्रेन, म्हणजे ७.८ ग्रॅम होते. स्कंदगुप्ताने सुमारे १४४ ग्रेनांचे, ९.३ ग्रॅमचे जड नाणे काढले, पण त्यातील सुवर्णांश घटला. वंशाच्या अखेरीस विष्णुगुप्ताच्या नाण्यांत तो अर्ध्याच्याही खाली गेला.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण हूणांशी झालेल्या युद्धांचा खर्च हे होय. ते चूक नसेल, पण अपुरे आहे. उदाहरणादाखल, ७.८ ग्रॅमच्या नाण्यात शेकडा ८५ सोने धरले तर शुद्ध सोने ६.६ ग्रॅम भरते; ९.३ ग्रॅमच्या नाण्यात तेवढेच सोने राखण्यास शेकडा ७१ पुरते. वजन वाढवून शुद्धतेची तूट भरून काढण्याचा हा प्रयत्न असू शकेल. तसे असेल तर स्कंदगुप्ताच्या टाकसाळीवर लबाडीचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. विष्णुगुप्ताच्या नाण्यांस अर्थातच ही सबब लागू पडत नाही.

निर्णय मोजणीवर अवलंबून आहे आणि मोजणीलाही मर्यादा आहेत. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३, रुप्याचे १०.५, तांब्याचे सुमारे ९. त्यामुळे नाणे न फोडता, हवेत व पाण्यात तोलून सुवर्णांशाचा अंदाज करता येतो. परंतु हीण रुप्याचे की तांब्याचे की दोहोंचे, हे एका आकड्यातून उलगडत नाही. क्ष-किरणांची आधुनिक पद्धत घटक वेगळे दाखविते, पण ती पृष्ठभागापुरती. आणि मातीत पडलेल्या नाण्याच्या पृष्ठावरून तांबे झिजून गेलेले असते, तेव्हा ते आतल्यापेक्षा शुद्ध भासते. दोन्ही मोजण्या एकत्र वाचल्याखेरीज गत्यंतर नाही.

दक्षिणेच्या इतिहासास हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. दक्षिणेतला जुना होन शुद्ध व दहा बानांचा समजला जाई, तो अकबराने साडेआठ बान ठरविला. अलाउद्दीनाचा बारा बानांचा मानलेला लहान दिनार साडेदहाच निघाला, असे अबुल फज्ल आईन-ए-अकबरीत नमूद करतो. म्हणजे नाण्याची कीर्ती आणि त्याचा कस यांत सरासरी सातव्या-आठव्या हिश्श्याचे अंतर होते, आणि ते पुन्हा कस लावीपर्यंत कोणास दिसले नव्हते! राजारामाच्या काळी लिहिलेल्या सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील सुवर्णनाण्यांची एकच बेरीज दिलेली नाही. गंबार, पुतळी, अच्युतराई, देवराई, शिवराई अशी जातवार मोजदाद आहे. हा लेखकाचा पाल्हाळ नव्हे. प्रत्येक जातीचा कस व वजन निराळे असल्याने सराफास ती वेगळीच धरावी लागे. आजच्या लेखनात मात्र या सर्व जातींस ‘होन’ या एका शब्दाखाली आणून एकाच दराने रुपयांत फिरविण्याची रीत पडली आहे. संग्रहालयांतील नमुन्यांची जातवार परीक्षा होऊन कोष्टक तयार होईपर्यंत अशा बेरजांवर सतराव्या शतकातील महसुलाचे अनुमान उभारता येणार नाही.