शंकरपटाची छकडी
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील झाडीपट्टीत, म्हणजे धानशेती आणि दाट जंगल यांच्या मुलखात, धानाची कापणी आटोपल्यावर भरणाऱ्या बैलजोड्यांच्या शर्यतींना शंकरपट म्हणतात. ओझी वाहणारी जड बंडी या कामाची नसल्याने पटासाठी छकडी, म्हणजे धुरकऱ्यापुरती (गाडी हाकणाऱ्यापुरती) जेमतेम जागा असलेली हलकी दुचाकी गाडी वापरली जाते. तिला स्प्रिंग नसल्यामुळे जमिनीचा प्रत्येक धक्का चाक, कणा आणि जू यांतून थेट बैलांच्या खांद्यापर्यंत पोहोचतो. भार कण्याच्या मागे गेला तर जू वर उचलले जाते, पुढे आला तर मानेवर दाबते, म्हणून वजन घटवणे आणि तोल साधणे हीच छकडीची खरी सुधारणा ठरते. शर्यतीच्या मोटारीत शॉकअब्सॉर्बर जे करतो, ते येथे बऱ्याच अंशी धुरकऱ्याच्या गुडघ्यांना करावे लागते.

पटाला जमलेल्या पाहुण्यांसाठी रात्री नाटक ठेवण्याच्या प्रथेतून झाडीपट्टी रंगभूमीही बहरली, आणि वडसा हे तिचे केंद्र झाले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तरी नाटके चालूच राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये राज्याला शर्यतींची सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा महाराष्ट्राचा २०१७ चा दुरुस्ती कायदा वैध ठरवला.