खोल विहिरीच्या तळाशी

कापादोकियाला गेलेला प्रवासी वर बघत हिंडतो. टोप्या घातल्यासारखे दगडी सुळके, पहाटेच्या आकाशात तरंगणारे बलून. मीही दोन दिवस तेच केले. तिसऱ्या दिवशी डेरिनकुयूच्या भुयारात उतरलो आणि सुळके विसरलो.

डेरिनकुयू म्हणजे तुर्की भाषेत 'खोल विहीर'. ज्वालामुखीची राख थिजून झालेला इथला टफ खडक इतका मऊ, की वेरूळच्या पाथरवटाला हे काम म्हणजे सुट्टीच वाटली असती. वरच्या भागात गोठे आणि द्राक्षे तुडवायची कुंडे, पुढे कोठारे, त्याही खाली क्रुसाच्या आकाराचे चर्च. एकूण खोली सुमारे ८५ मीटर. वाटा एवढ्या अरुंद की एकामागून एक, वाकूनच जावे लागते. मध्येच भिंतीच्या खाचेत जात्याच्या तळीसारखा भलाथोरला गोल धोंडा उभा दिसतो. वाट बंद करायला तो आतूनच लोटायचा. वाटाडे वीस हजार रहिवाशांचा आकडा सांगतात, पण हा धोंडा राहणाऱ्यांचा वाटत नाही. तो लपणाऱ्यांचा आहे.

ही भुयारे किती जुनी, हे सांगताना हटकून झेनोफनची साक्ष काढतात. विहिरीसारखे तोंड, आत ऐसपैस घर, माणसांसोबत शेळ्या, गुरे, कोंबड्या, असे वर्णन त्याच्या 'अॅनाबेसिस'मध्ये खरोखर आहे. पण मूळ मजकूर काढून पाहिला तर ती घरे आर्मेनियाच्या डोंगराळ मुलखातली, इथून कितीतरी पूर्वेची. एकाने चुकीचे लिहिले, बाकीच्यांनी उतरवून घेतले. (आपल्याकडच्या गडकोटांच्या पुस्तकांतही हा रोग आहेच.)

मला अधिक मोलाचा वाटतो तो एक अरबी शब्द. सातव्या शतकापासून बायझंटाइन सरहद्दीवर अरबांच्या स्वाऱ्या होऊ लागल्या. अरबी भूगोलकारांनी या टापूला नाव दिले 'मतामीर'. 'मतमूरा'चे हे अनेकवचन, आणि मतमूरा म्हणजे धान्य साठवायचे भुयार, आपले पेव. लहानपणी गावी पेवात डोकावलो होतो, त्यातला कोंदट वास डेरिनकुयूत पुन्हा भेटला. धान्य लपवावे तशी माणसे लपवली जात होती, हे स्वारी करणाऱ्यांनाही ठाऊक होते तर!

आणि ही भीती बायझंटाइन काळाबरोबर संपली नाही. १९०९ साली अदानाला आर्मेनियन लोकांची कत्तल झाली. ती बातमी आली तेव्हा याच भागातल्या अक्सो गावचे बरेचसे ग्रीक भुयारांत उतरले आणि काही रात्री जमिनीवर झोपायला धजले नाहीत, अशी नोंद इंग्रज भाषाभ्यासक डॉकिन्सने १९१६च्या आपल्या ग्रंथात केली आहे. तो ग्रंथ इथल्या ग्रीक बोलींचा. भुयारांची हकिकत त्यात ओघाने आली.

पुढे १९२३च्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी धर्म पाहून माणसांची अदलाबदल केली. डेरिनकुयूला मलाकोपी म्हणणारे ग्रीक बोचकी बांधून निघून गेले. १९६३मध्ये म्हणे कुणी घर दुरुस्त करताना भिंत पाडली, मागे खोली निघाली, आणि भूमिगत शहराचा 'शोध' लागला. मध्ये अवघी चाळीस वर्षे! दिवे ठेवायचे कोनाडे माहीत असलेली माणसे तेव्हा ग्रीसमध्ये म्हातारी होत होती.

परत फिरताना वाटाड्याने पुन्हा १९६३ सांगितले. माझ्या शेजारचा एकजण ते वहीत टिपून घेत होता.