म्हैसूरची पदवी आणि आपली घरे

पी. यू. सी.चा निकाल लागला की आपल्या मंडळात महिनाभर एकच विषय चालतो. 'अमक्याच्या मुलास कोठे घातले?' हा प्रश्न विचारल्यावाचून हळदीकुंकूही पार पडत नाही. 'घातले' हे क्रियापद आपल्या घरांतून किती सहजपणे वापरले जाते, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. मुलास शाळेत घालतात, मुंज झाली की जानवे घालतात, आणि त्याच चालीवर इंजिनियरिंगलाही घालतात. मुलाची संमती तिन्ही वेळी सारखीच गृहीत धरलेली असते.

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी म्हैसूरच्या इतिहासावर काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा राजवाडा व दसरा सोडून हाच विषय आम्ही घेतला. त्यास घरगुती कारणही आहे. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी यंदा विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी पी. यू. सी. उत्तीर्ण होऊन 'मी बी. ए. करणार' असे जाहीर केले. आम्ही स्वतः बी. ए.; त्याच पदवीच्या बळावर केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षांहून अधिक काळ काढलेले. तरीही आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'नाही' हाच. आपण ज्या पदवीवर जेवलो तिचीच आपणांस लाज का वाटावी, याचा शोध घेत आम्ही मागे गेलो.

मराठी माणसाचे या संस्थानाशी नाते लेखणीचे आहे तसे तलवारीचेही आहे. परंतु येथे लेखणीचाच विचार प्रस्तुत आहे. पूर्णय्यांच्या कारभारात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे म्हैसूरच्या दफ्तरात कन्नडबरोबर मराठी वावरत होती. हिशेब लिहिणारा, दाखले जपणारा, वसुली जुळवणारा असा एक देशस्थ कारकूनवर्ग त्यावर जगत होता. त्या काळी पदवी नव्हती. अक्षर व ओळख हीच पात्रता. १८३१ साली कारभार इंग्रज कमिशनकडे गेला. पुढे दोनच वर्षांनी, १८३३ साली, मुम्मडी कृष्णराज वडियर यांनी म्हैसुरात इंग्रजी शिकवणारी मोफत शाळा काढली. तिचेच रूपांतर होत होत आजचे महाराजा कॉलेज उभे राहिले. राज्य हातून गेलेल्या राजाने शाळा काढावी, ही घटना आम्हांस त्या राजवटीतील सर्वांत दूरदर्शी वाटते.

१८८१ साली संस्थान वडियर घराण्याकडे परत आले, आणि पदवीला खरा भाव आला. शेषाद्री अय्यर यांच्या दिवाणगिरीत (१८८३–१९०१) मुलकी खात्यातील वरच्या जागांसाठी स्पर्धा-परीक्षा सुरू झाली. येथील कॉलेजे तेव्हा मद्रास विद्यापीठाला जोडलेली होती; त्या विद्यापीठाची बी. ए. झालेला तरुण म्हणजे उद्याचा अमलदार, असे समीकरण बसले. या समीकरणाचा लाभ घेणाऱ्यांत आपली माणसे पुढे होती. व्ही. पी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातले. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातून ते १८६९ साली बी. ए. झाले, म्हैसूरच्या सेवेत शिरले, अनेक खाती पाहिली आणि १९०६ ते १९०९ या काळात येथे दिवाण झाले. त्यांच्यामागून १९०९ ते १९१२ पर्यंत दिवाणपदी बसलेले टी. आनंदराव हेही तंजावरी मराठीच. त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या राजा सर टी. माधवरावांचे ते चिरंजीव. लागोपाठ दोन दिवाण मराठीभाषी! हे सांगताना छाती फुगते खरी. परंतु येथेच आपल्या समाजाच्या मनात 'एकदा बी. ए. झाले की झाले' हे सूत्र इतके खोल रुजले, की पुढील तीन पिढ्यांना ते उपटता आले नाही.

आनंदरावांच्या जागी आले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे चरित्र आपण सर्वांनी शाळेत वाचलेले. मात्र त्यातील एका पायरीकडे सहसा लक्ष जात नाही. विश्वेश्वरय्या इंजिनियर होण्यापूर्वी बी. ए. होते. शिकवण्या करून त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली ती पदवी मिळविली. त्या वर्षी बी. ए. झालेल्या हुशार तरुणाला कचेरीचे दार उघडे होते. ते दार त्यांनी सोडले. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये गेले, १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशकास रुजू झाले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मधले. म्हणजे म्हैसूरच्या या थोर पुत्राची उमेदवारी झाली ती महाराष्ट्रात, आणि त्या शिदोरीवर पुढे कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम उभे राहिले. आपण मात्र मुलांना त्यांचे नाव सांगतो ते 'इंजिनियर हो' एवढ्यापुरते. पदवी हाती आल्यावर वीस वर्षांच्या मुलाने दुसरा निर्णय स्वतः घेतला, ही गोष्ट सांगायची राहून जाते.

त्यांच्याच दिवाणगिरीत १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. देशी संस्थानातील हे पहिले विद्यापीठ. नाल्वडी कृष्णराज वडियर कुलपती, एच. व्ही. नंजुंडय्या पहिले कुलगुरू. कलाशाखा म्हैसुरात महाराजा कॉलेजकडे, विज्ञान बंगळुरास सेंट्रल कॉलेजकडे, अशी वाटणी झाली. बंगळूरचे इंजिनियरिंग कॉलेज पाठोपाठ १९१७ सालचे. १९१८ ते १९२१ या काळात डॉ. राधाकृष्णन महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत होते. तो काळ या शहराच्या विद्येचा मध्यान्हकाळ होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि त्याच मध्यान्ही सावली फिरली. पदव्या आणि नोकऱ्या मूठभर ब्राह्मण घरांतच एकवटल्या, अशी तक्रार जोर धरू लागली होती. ती खोटी नव्हती, हे येथे स्वच्छपणे लिहिले पाहिजे. आपल्यापैकी काही घरांना ते वाचावयास अवघड जाईल, तरीही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. म्हैसुरात १९१८ साली सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांना मिळाव्यात, अशी शिफारस तिने केली. विश्वेश्वरय्यांना हे धोरण मान्य नव्हते. ते पायउतार झाले. आमच्या मते या एका प्रश्नात महाराजांची दृष्टी दिवाणांपेक्षा लांबची ठरली. मराठी बोलणाऱ्या सर्व घरांना त्याचा फटका बसला असेही नाही. लेखणीवर जगणाऱ्यांचे दार अरुंद झाले. सुईवर आणि रंगावर जगणाऱ्या भावसार घरांतील मुलांसाठी तेच दार किलकिले झाले.

ज्यांचे दार अरुंद झाले त्यांनी काय केले? बहुतेकांनी पूर्वीचीच पदवी घेतली आणि पूर्वीच्याच नोकरीची वाट पाहिली. नोकरी नसलेला बी. ए. ही व्यक्ती म्हैसूरच्या रस्त्यांवर दिसू लागली. आर. के. नारायण हे त्याच पिढीतले. प्रवेशपरीक्षेत नापास होऊन एक वर्ष घरी बसलेले, १९३० साली महाराजा कॉलेजातून बी. ए. झालेले. मास्तरकी धरली आणि सोडली. त्यांनी १९३७ साली आपल्या कादंबरीला त्या पदवीचेच नाव दिले, यात आम्हांस तरी गंमत आणि खंत दोन्ही दिसते. त्यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला. त्यांनी म्हैसुरात बी. ए. केली, पण कुंचला खाली ठेवला नाही. पुढे त्याच मुंबईत त्यांचा 'कॉमन मॅन' घरोघर पोहोचला. एम. एन. श्रीनिवास १९३६ साली येथून सामाजिक तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाले आणि मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकले. मालवणच्या घुर्यांनी या म्हैसूरच्या तरुणास कोडगूकडे वळविले, आणि त्यातून भारतीय समाजशास्त्रातील एक मोठे नाव घडले. बी. ए. तिघांचीही सारखीच होती. पुढल्या वाटा मात्र तीन.

स्वातंत्र्यानंतरचा भाग वाचकांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो आटोपता घेतो. १९४६ साली येथे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनियरिंग निघाले, १९६३ साली जयचामराजेंद्र कॉलेज. बी. ए.ची गादी इंजिनियरिंगकडे गेली. आम्ही पी. यू. सी. झालो ते १९८७ साली. गुण बेताचे होते. रेल्वे वर्कशॉपच्या नोकरीनिमित्त सांगलीहून येथे आलेले आमचे तीर्थरूप आम्हांस घेऊन गावाबाहेरील एका कॉलेजात गेले. तेथे 'देणगी'चा आकडा सांगण्यात आला. तीर्थरूपांनी खिशातून प्रॉव्हिडंट फंडाचा कागद काढला, आकडा पाहिला, कागद घडी करून पुन्हा ठेवला. परतीच्या बसमध्ये ते एकच वाक्य बोलले, 'ह्या पैशात तुझ्या बहिणीचं लग्न होतं.' अशा देणग्या बेकायदा असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्याच एका प्रकरणात १९९२ साली दिला. तोवर आम्ही इतिहास, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झालो होतो आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेचे पुस्तक डोक्याशी घेऊन झोपत होतो. ती पदवी आम्ही निवडली नव्हती. उरली म्हणून घेतली होती. तिची लाज वाटते ती बहुधा यामुळे.

आज त्या गादीचीही अवस्था पाहण्यासारखी आहे. हेब्बाळच्या इन्फोसिस केंद्रात स्थापत्याचा, यंत्राचा, विजेचा असे सर्व शाखांचे पदवीधर येतात आणि काही महिने संगणकाचे धडे पुन्हा पहिल्यापासून गिरवितात. मग चार वर्षे शाखेसाठी केलेली ती धडपड कशासाठी, असा प्रश्न पालकांना पडत नाही, याचे आश्चर्य वाटते. सरकारचेही चित्त स्थिर नाही : कर्नाटकात २०२१ साली पदवी चार वर्षांची केली, २०२४ साली पुन्हा तीन वर्षांची. आणि आपल्या दाराशी काय आहे, हे आपणच पाहत नाही. अन्नप्रक्रियेची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९५० पासून, शिक्षकांना घडविणारे प्रादेशिक महाविद्यालय १९६३ पासून, वाचा व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था १९६५ पासून, भारतीय भाषा संस्था १९६९ पासून या गावात आहेत. भाषा संस्थेत तर दोन भाषा घरात बोलणारी आपली मुले उपयोगी पडावयाची. तरीही 'पुण्यास कोठे मिळेल का' ही चौकशी आम्ही दर वर्षी ऐकतो, आणि या संस्थांचे नाव कोणी काढीत नाही. विश्वेश्वरय्या पुण्यास गेले ते तेथे जे होते ते येथे नव्हते म्हणून.

चिरंजीवांशी आमचे बोलणे पंधरा दिवस चालले. त्यांच्या मातोश्री मध्यस्थ होत्या. त्यांचे म्हणणे असे, की इंजिनियर होऊन अखेर नोकरीसाठी पुन्हा स्पर्धा-परीक्षाच द्यायची असेल, तर ती इतिहास वाचून का देऊ नये. उत्तर आम्हांस सुचले नाही. आम्ही एकच अट घातली : बी. ए.च्या तिसऱ्या वर्षानंतर काय, ते आजच एका कागदावर लिहून द्यावे, आणि दर वर्षी जूनमध्ये तो कागद दुरुस्त करावा. आमच्या तीर्थरूपांनी आमच्याकडून असा कागद मागितला नव्हता. त्या दिवसात ते सुचण्यासारखेही नव्हते.

कागद आला. त्यावर तीन ओळी होत्या. पहिली भाषा संस्थेत लागणाऱ्या भाषाशास्त्राच्या पुढील शिक्षणाची, दुसरी मोडी लिपी शिकण्याची, कारण म्हैसूरच्या जुन्या मराठी कागदांचा त्यास नाद लागला आहे. तिसरी ओळ खोडलेली आहे. ती आम्ही विचारली नाही. गेल्या सोमवारी महाराजा कॉलेजाच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहून आम्ही दोघांनी अर्ज दिला. पालकाच्या शिक्षणाच्या रकान्यात आम्ही 'बी. ए.' असे लिहिले, या वेळी जरा मोठ्या अक्षरात.