आधी गिऱ्हाईक: युद्धानंतरच्या बाजाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

मार्केटिंग म्हटले की जाहिरातीचे फलक, सवलतींचे हंगाम आणि टाय लावलेली तरुण मंडळी डोळ्यांपुढे येतात. विद्यापीठात मात्र ही विद्या शिरली ती शेतमालाच्या गाडीत बसून. शेतकऱ्याचा माल शहरातल्या ताटापर्यंत पोचताना किती हातांतून जातो आणि त्यातला प्रत्येक हात कसली मजुरी घेतो, हा प्रश्न अमेरिकेतल्या मिनेसोटात एल. डी. एच. वेल्ड यांनी धरला आणि १९१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. अडत, तोलाई, हमाली हे शब्द घरात ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला म्हणूनच या दारातून आत यायला संकोच वाटायचे कारण नाही. आपण येथे त्याच अभ्यासाच्या एका अवघड खोलीत जाणार आहोत. युद्ध थांबले, माणसे गावी परतली, आता त्यांनी पिकवलेले, शिवलेले, तळलेले घेणार कोण?

उदाहरण एकच धरतो, उत्तर युगांडाचे. १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी सत्तेवर आले आणि पुढच्याच वर्षी जोसेफ कोनीच्या ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’ची सुरुवात झाली. वीस वर्षे तिथले अचोली लोक या बंडखोरांच्या आणि सरकारी सैन्याच्या मध्ये सापडले. त्याच काळात गुरांचे कळप लुटले गेले आणि नांगराचे बैल संपले. १९९६ पासून सरकारने गावे रिकामी करून माणसांना छावण्यांत हलवले. २००५ च्या सुमारास विस्थापितांचा आकडा अठरा लाखांच्या घरात गेला होता. एकट्या पाब्बो छावणीत साठ हजारांवर माणसे राहत होती. ऑगस्ट २००६ मध्ये शस्त्रसंधी झाली आणि पुढच्या काही वर्षांत छावण्या रिकाम्या होत गेल्या.

पुनर्वसनाचे बहुतेक आराखडे येथून सुरू होतात. माणसाला बियाणे द्या, कुदळ द्या, शिलाईचे यंत्र द्या. जणू लढाईने फक्त उत्पादनच मोडले होते. माझे म्हणणे असे की लढाईने त्याहून मोठी मोडतोड गिऱ्हाइकाची केली, आणि ते कुणी गाठोड्यात बांधून वाटू शकत नाही.

छावणीत शेत नव्हते, बाजार मात्र होता. धान्याचे वाटप झाले की त्यातलाच थोडा मका आणि घेवडा विकायला यायचा, कारण मीठ, साबण आणि दळणाचे पैसे रोखच मोजावे लागतात. या जातीच्या बाजाराचे अभिजात वर्णन आर. ए. रॅडफर्ड यांनी १९४५ मध्ये केले. ते स्वतः जर्मनांचे युद्धकैदी होते आणि त्यांच्या लेखात रेडक्रॉसच्या खोक्यांतले डबे व सिगारेटी यांची देवघेव आहे. लेख सुंदर आहे, पण अचोली छावणीला तो तसाच लावू नये. कैद्यांना बाहेर कुणाचे देणे नव्हते. छावणीतल्या बाईला होते. गंमत म्हणावी की दुर्दैव, कुणास ठाऊक, पण जागतिक अन्न कार्यक्रम तेव्हा युगांडातच भरपूर धान्य विकत घेत होता. म्हणजे देशाच्या दुसऱ्या भागातल्या शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले, आणि कालपर्यंत तीळ-नाचणी पिकवणारा अचोली शेतकरी रांगेत उभा राहिला. अचोली भागातल्या गुलू गावात मदतसंस्थांच्या गाड्या, कचेऱ्या, भाड्याची घरे, जेवणावळी यांनी एक वेगळीच तेजी आणली. ही सगळी खरेदी बाहेरून आलेली होती. छावण्या उठल्या तशी ती ओसरत गेली.

परतल्यावर बैल नसल्यामुळे कुदळीने जेवढे उकरता येईल तेवढेच पिकले. बांध कुठे होता यावरून भाऊबंदकी झाली. तीळ आला की लगेच विकावा लागे, कारण शाळेची फी थांबत नाही. सगळ्यांचा तीळ एकाच वेळी आला की भाव काय होतो ते आपल्याकडच्या कुठल्याही कांदा उत्पादकाला विचारावे. गावातली दुकानेही एकमेकांची नक्कल वाटावीत अशी. फळकुटावर साबणाची लांब वडी ठेवलेली, ती सुरीने कापून तुकडा-तुकडा विकायची, स्वयंपाकाचे तेल पिशवीच्या चिमटीएवढ्या गाठीत बांधलेले, मीठ, काडेपेटी. शेजारची बाईही हेच विकते. पूर्ण वडी विकत घेऊ शकेल असा माणूस त्या वाटेवर क्वचितच असतो, म्हणून ती कापावी लागते. वडीचे तुकडे केल्यावर सुटणारा तो थोडासा फरक हीच मालकिणीची कमाई.

या भागावर मोजमाप करून लिहिलेले भरपूर आहे, आणि नव्या अभ्यासकाने ते मनापासून वाचावे. ख्रिस्तोफर ब्लॅटमन आणि जेनी अॅनन यांनी कोनीच्या बंडखोरांनी पळवून नेलेल्या मुलांचा मागोवा घेतला तेव्हा दिसले की मनाच्या जखमांइतकीच, किंबहुना त्याहून व्यापक हानी शाळेची आणि कामाच्या अनुभवाची वर्षे बुडाल्याची होती. अशा मुलांची कमाई सुमारे एक तृतीयांशाने घटली होती. पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी अत्यंत गरीब लोकांना, त्यातही मुख्यतः स्त्रियांना, दीडशे डॉलर रोख, पाच दिवसांचे धंद्याचे प्रशिक्षण आणि नंतरची देखरेख देऊन पाहिली. सोळा महिन्यांनी त्यांचे छोटे धंदे आणि उत्पन्न दुप्पट झालेले आढळले, तेही बहुतांशी किरकोळ विक्रीतून. सरकारच्या एका वेगळ्या योजनेत तरुणांच्या गटांना माणशी सुमारे ३८० डॉलर मिळाले. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्के जास्त होती. नऊ वर्षांनी पाहिले तर पैसे न मिळालेले तरुणही कमाईत त्यांच्या बरोबरीला येऊन पोचले होते.

या निष्कर्षांचे मला मोल वाटते. गरीब बाईला धंदा कळत नाही हा शहरी समज त्यांनी पुरता मोडीत काढला. पण हे आकडे बहुतांशी विकणाऱ्याकडून घेतलेले आहेत. तिच्या दुप्पट उत्पन्नाचा प्रत्येक शिलिंग कुणाच्या तरी मुठीतून आला. त्या मुठीची मोजदाद अजून करायची आहे.

गिऱ्हाईक दूर असले तर काय होते, हे दोन जागी स्वच्छ दिसते. पहिली जागा जुबा, आजच्या दक्षिण सुदानची राजधानी. २००५ मध्ये सुदानमधले यादवी युद्ध कराराने थांबले आणि दक्षिणेला कांदे, टोमॅटो, अंडी, बिअर, सिमेंट, सगळेच हवे झाले. गुलू नेमके त्या वाटेवर. २०१२ मध्ये निमुले-जुबा रस्ता डांबरी झाला, एलेगूच्या सीमानाक्यावर ट्रकांची रीघ लागली. डिसेंबर २०१३ मध्ये जुबात पुन्हा गोळीबार सुरू झाला आणि त्या रांगेतल्या मालाचे भवितव्य एका रात्रीत बदलले. तिथल्या सरकारला धान्य पुरवलेल्या युगांडाच्या व्यापाऱ्यांची बिले वर्षानुवर्षे थकली. शेजारच्याची शांतता हेही भांडवलच असते, फक्त ते आपल्या खतावणीत मांडता येत नाही.

दुसरी जागा कंपालातली ‘अचोली क्वार्टर’ ही वस्ती. युद्धामुळे राजधानीत आलेल्या बायका तिथे खाणीवर खडी फोडत. मग कागदी मणी आले. रंगीत छापील कागदाच्या लांब त्रिकोणी पट्ट्या कापायच्या, रुंद टोकाकडून सुईभोवती घट्ट गुंडाळायच्या, डिंकाने चिकटवायच्या, वर वॉर्निश. माळा अमेरिकेत घरोघरी भरणाऱ्या मेळाव्यांत विकल्या गेल्या, आणि माळेबरोबर बाईची कहाणीही. यात लबाडी नाही, खडी फोडण्यापेक्षा हे काम निश्चितच बरे. पण अशी माळ घेणारे गिऱ्हाईक एकदाच येते. त्याला माळेपेक्षा दिल्याचे समाधान हवे असते आणि ते एका माळेत मिळते. दुःख हा विक्रीचा मुद्दा झाला की बरे झालेल्या बाईने काय विकावे, हा प्रश्न मार्केटिंगच्या वर्गात विचारला पाहिजे.

याउलट बचत गटाची पेटी पाहावी. १९९१ मध्ये नायजरमध्ये सुरू झालेली ही पद्धत युगांडात खेडोपाडी पोचली आहे. आपल्या बचत गटाची ती चुलत बहीण शोभेल, फरक इतकाच की तिला बँक लागत नाही. लोखंडी पेटीला तीन कुलपे, तीन किल्ल्या तीन वेगळ्या सदस्यांकडे. सगळ्यांसमोर पेटी उघडायची, ज्याने जेवढे भाग घेतले तेवढे शिक्के त्याच्या पुस्तिकेत मारायचे, मग कर्ज वाटायचे, वर्षाअखेरीस सगळी रक्कम व्याजासह वाटून पेटी रिकामी. अर्थशास्त्री तिला भांडवलाची सोय म्हणून मोजतात. मला ती गिऱ्हाइकांची यादी वाटते. वाटपाच्या आठवड्यात गावात पत्रे, शेळ्या, गाद्या विकत घेणारे लोक असतात, आणि कुणाला उधार द्यावे हे पेटीभोवती बसणाऱ्यांना ठाऊक असते.

वाचनाची सुरुवात क्लिफर्ड गीअर्ट्झ यांच्या १९७८ च्या बाजारावरील लेखापासून करावी. बाजारात सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे माहिती, आणि म्हणून माणसे ठरलेल्या माणसाकडेच जातात, हे त्यांनी दाखवले. युद्धाने नेमकी ही ठरलेली माणसे विखुरली. नंतर मधू विश्वनाथन यांचे अल्प उत्पन्नाच्या बाजारांवरचे काम घ्यावे, ज्यात खरेदीदार आणि विक्रेता बहुधा एकच माणूस असतो. क्लिफर्ड शुल्ट्झ व्हिएतनाम, कंबोडिया, बाल्कनपर्यंत हिंडले. युद्धोत्तर समाजात मार्केटिंग सलोख्याला हातभार लावू शकते, ही त्यांची भूमिका. ती मला थोडी आशावादी वाटते. कोळशाचेच पाहा. अचोली भागातली शियाची झाडे, ज्यांच्या बियांचे तेल बायका पिढ्यान्‌पिढ्या काढतात, ती कंपालाच्या चुलींसाठी कोळसा होऊन गेली. पक्के गिऱ्हाईक, रोख पैसे, चालू रस्ता, सगळे जमून आले आणि झाडे गेली. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी उत्तरेतल्या व्यापारी कोळशावर बंदी घातली. बाजार जुळला म्हणजे उपजीविका सावरली, असे समीकरण येथे टिकत नाही.

गुलूला २०२० मध्ये शहराचा दर्जा मिळाला. आपल्याकडच्या माणसांनी कधीकाळी पूर्व आफ्रिकेत नेलेल्या चपातीत अंड्याचे ऑम्लेट गुंडाळून विकणारी पोरे तिथे रस्त्याकडेला उभी असतात. ती कोण खाते, त्याचा पगार शाळेतून येतो, सैन्यातून, मोटरसायकलच्या भाड्यातून की सीमेपलीकडून, हे एका चौकात उभे राहून, महिनाभर, गाड्याच्या दुसऱ्या बाजूने विचारत जाणे हे काम नव्याने येणाऱ्यासाठी मोकळे आहे.