धूर विकणारे दुकान, धूर सोडवणारे दुकान

१/ एकाच दुकानात सिगारेटचे पाकीट आणि सिगारेट सोडवणारे औषध, दोन्ही मिळत असतील तर त्या दुकानदाराला काय म्हणावे? औषधविक्रेत्याच्या व्यवसायाने हा प्रश्न अनेक दशके अंगावर वागवला. त्याची ही कहाणी. #थ्रेड

२/ सुरुवातच विपरीत आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील औषधविक्रेते दम्यावर धोतऱ्याच्या पानांच्या सिगारेटी विकत. धोतऱ्याचा धूर घेण्याची ही युक्ती १८०२ च्या सुमारास आपल्याकडच्या मद्रासहून ब्रिटनला पोहोचली होती. धूर हेच तेव्हा औषध होते.

३/ १९५० मध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. १९७१ मध्ये तेथील औषधविक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने दुकानांत तंबाखू विकू नये, अशी शिफारस केली. बहुतेक दुकानांनी ती कानाआड केली.

४/ दरम्यान स्वीडनमध्ये वेगळेच घडत होते. पाणबुडीत धूम्रपानास मनाई असल्याने खलाशी तोंडात तंबाखू धरून तलफ भागवतात, हे लुंड येथील संशोधकांच्या लक्षात आले. १९६७ मध्ये त्यांनी हे निरीक्षण औषधकंपनीतील आपले मित्र ओव्हे फेर्नो यांना कळवले.

५/ फेर्नो स्वतः सिगारेटच्या आहारी गेलेले. त्यांनी निकोटिनयुक्त च्युइंगम तयार केले आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने त्याला प्रथम मान्यता दिली. शरीराला निकोटिन मिळावे, पण धूर व डांबर टळावे, एवढाच त्यामागचा विचार.

६/ मात्र हे गम साध्या गमसारखे चघळून चालत नाही. थोडे चावायचे, मग गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचे. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते. भराभर चावून लाळ गिळली, तर उचकी व मळमळ पदरी पडते आणि तलफ तशीच राहते. म्हणजे गमबरोबर ते वापरण्याची रीतही द्यावी लागते.

७/ अमेरिकेत १९८४ पासून हे गम डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळे. १९९६ मध्ये चिठ्ठीची अट गेली. आता ती रीत समजावून सांगू शकेल असा जाणकार एकच उरला: औषधविक्रेता.

८/ त्याच्या सल्ल्याने फरक पडतो का? उत्तर आयर्लंड व लंडनमधील ४८४ धूम्रपान करणाऱ्यांवरील अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित औषधविक्रेत्यांनी समुपदेशन व पाठपुरावा केलेल्या गटातील १४.३ टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण २.७ टक्के होते. शंभरातील पंच्याऐंशी तरीही परतले, हेही विसरू नये.

९/ राहिला गल्ल्याचा प्रश्न. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने १९९४ मध्ये औषधदुकानांतील तंबाखूविक्री कायद्याने बंद केली. अमेरिकेतील सीव्हीएसने २०१४ मध्ये वर्षाकाठी सुमारे २ अब्ज डॉलरच्या विक्रीवर स्वतःहून पाणी सोडले. १९७१ ची शिफारस एका बड्या साखळीच्या गळी उतरायला ४३ वर्षे लागली.

१०/ आणि आपण? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. तंबाखू गालात धरणाऱ्या खलाशांपासून स्फुरलेले औषध, तंबाखू गालात धरणाऱ्या या मुलखात येऊन पोहोचले आहे. कोपऱ्यावरचा केमिस्ट ते नुसते पुढे सरकवतो की दोन शब्द बोलतो, यावर या कहाणीचे पुढचे पान अवलंबून आहे.